तांबडे बटण

यंत्राविषयी लिहावयास बसले म्हणजे आपल्या मराठी लेखकाचे दोनच सूर लागतात: एक मंगलाष्टकांचा आणि दुसरा सुतकाचा. नवे यंत्र घरात आले की तो कौतुकाने न्हाऊन निघतो, आणि तेच यंत्र माळ्यावर गेले की उसासे टाकीत बसतो. या दोन्ही प्रकारांत खुद्द यंत्राकडे कोणी पाहतच नाही. कवितेचा समीक्षक निदान तिचे शब्द वाचतो. मग यंत्राच्या समीक्षकाने निदान त्याची बटणे तरी मोजावीत, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे.

ज्या यंत्राविषयी मी लिहिणार आहे ते वाचकांपैकी अनेकांच्या घरी एके काळी होते. त्याचे पूर्ण नाव टेपरेकॉर्डर. पण घरात त्याला नुसते 'टेप' म्हणत. वर उचलून नेण्याची मूठ, पुढे एक भोंगा, खिडकीसारखे उघडणारे कॅसेटचे झाकण, आणि खाली दातांसारखी बटणांची ओळ. या ओळीत एकाच बटणावर तांबडी खूण असे. ते एकटे दाबून चालत नसे. गाणे वाजविण्याचे बटण आणि हे तांबडे बटण, दोन्ही बोटांनी एकदम दाबावी लागत. तेव्हाच यंत्र गाणे थांबवून ऐकू लागे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या यंत्राने आपल्या संगीताला, साहित्याला आणि घराला जे काही दिले ते सारे या तांबड्या बटणातून दिले. बाकीची बटणे करमणुकीची होती. हे एक मात्र जबाबदारीचे होते.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आवाज फितीवर टिपण्याची विद्या जुनी आहे. परंतु ती मोठ्या रिळांच्या जड यंत्रांत अडकून पडली होती. फिलिप्स कंपनीतील लू ऑटेन्स या डच अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती सोडविली. जाकिटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा ऑटेन्सने करून घेतला आणि यंत्राचे माप त्यावरून ठरविले, अशी कथा सांगतात. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणि तिचे यंत्र लोकांपुढे आले. फीत पावणेचार मिलिमीटरांच्या आसपास रुंद. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने ती सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे ८६ मीटर फीत असते. आणि त्या फितीवर लोहाच्या गंजाची बारीक पूड! आजीचा आवाज आणि भीमसेन जोशींची तान एकाच गंजावर उमटत असे, याचा विचार केला म्हणजे मला अजून नवल वाटते.

असे एक यंत्र माझ्यापाशी आहे. जुन्या बाजारातून घेतलेले. आणि ते मी वापरतो, नुसते मांडून ठेवीत नाही. वापरणारालाच त्याचे स्वभाव कळतात. सेल उतरू लागले की गवई हळूहळू खर्जात जातो आणि द्रुत लयीचा विलंबित होतो. मग सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन अभंग काढावयाचे. पावसाळ्यात फीत रोळावर चिकटून गुंतते. ती हलक्या हाताने सोडवून, कॅसेटच्या दातेरी भोकात षट्कोनी पेन्सिल घालून गुंडाळावी लागते. आवाज गढूळ झाला की स्पिरिटात बुडविलेल्या बोळ्याने डोके पुसावयाचे; 'हेड'ला आमच्याकडे डोकेच म्हणत. आणि कॅसेटच्या पाठीवरील ती दोन इवलीशी प्लास्टिकची पाने! ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही टिपता येत नाही. म्हणजे, 'हे राखावयाचे' असा निर्णय माणसाने नखाने करावयाचा. पुढे मन बदललेच, तर भोकावर चिकटपट्टी लावून तो निर्णय फिरवताही येई. जपणे आणि पुसणे या दोन्ही गोष्टी इतक्या उघडपणे माणसाच्या हाती देणारे दुसरे घरगुती यंत्र मला ठाऊक नाही.

आता या यंत्राचा जो भाऊ जगभर गाजला त्याच्याकडे वळू. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा वॉकमन जपानात विक्रीस आला. त्याची जन्मकथा समीक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. वार्ताहरांसाठी त्या कंपनीचे 'प्रेसमन' नावाचे लहानसे यंत्र होते; त्यातील ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली, त्या जागी दोन्ही कानांत वेगवेगळे सूर पोचविणारी रचना बसविली, आणि वॉकमन तयार झाला. म्हणजे तांबडे बटण काढले तेव्हा वॉकमन झाला! परंतु पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. माणसाने एकट्यानेच कानाला लावून बसणे हे असभ्यपणाचे दिसेल, असे कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटले. म्हणून पहिल्या वॉकमनला कर्णयंत्रे जोडण्याच्या दोन जागा ठेविल्या, आणि एक नारिंगी बटणही बसविले. ते दाबले की गाणे मंद होई आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. लोकांनी काय केले? वॉकमन डोक्यावर घेतला आणि दुसरी जागा मोकळीच ठेविली. पुढील नमुन्यांतून ते नारिंगी बटण गेले. यंत्र करणाऱ्याला एकान्ताची भीती वाटली. घेणाऱ्याला तोच हवा होता.

एकान्तात गाणे ऐकण्याला माझा विरोध नाही. मारवा चारचौघांत ऐकण्यापेक्षा एकट्याने ऐकावा असे मलाही पुष्कळदा वाटते. पण ज्या यंत्राला तोंड आहे आणि कान नाहीत, ते आपल्याला गिऱ्हाईक करून सोडते. टेपपाशी आपण गिऱ्हाईकही होतो आणि कारागीरही होतो. हा भेद आपल्याकडे विशेष महत्त्वाचा ठरला. तबकडीच्या काळात कोणाचे गाणे टिपावयाचे हे मूठभर कंपन्या ठरवीत, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांत ख्याल उरकावा लागे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतापुरते हे सारे तपशिलाने मांडले आहे: ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहान लहान निर्माते गावोगाव उभे राहिले आणि ज्या बोलींना, ज्या गाण्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांना बाजार मिळाला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ६ डिसेंबरला दादरला ज्यांनी भीमगीतांच्या कॅसेटची दुकाने पाहिली असतील, त्यांना ग्रंथाची गरज नाही. पु. ल. देशपांड्यांचे कथाकथन कॅसेटवर आले, तेव्हा ते कथाकार मराठी घरांत दर रविवारी येऊन बसू लागले. आणि मजा अशी की, त्या फितीवरील प्रेक्षकांचे हसेही मुलांना पाठ झाले.

पण विकत आणलेली कॅसेट आणि घरी टिपलेली कॅसेट या दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांसारख्या आहेत. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांना घरच्यांनी कॅसेटवर पत्रे पाठविली. ज्या आईला लिहिता येत नव्हते तिचे पत्र पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हस्ताक्षराशिवाय मुलापर्यंत पोचले. तिच्या बोलण्यामागे कुकरची शिट्टी वाजे, कोंबडा आरवे, कोणी पोर रडे. हे सारे पत्रात लिहावयाचे कोणाला सुचले असते? वाङ्मयाच्या इतिहासात या पत्रांची नोंद झालेली नाही, कारण ती छापता येत नाहीत. ही उणीव त्या पत्रांत नाही; आपल्या इतिहासात आहे.

टेपरेकॉर्डर हेच ज्यातील दुसरे पात्र आहे असे एक नाटक आहे, आणि या विषयावर लिहिताना त्याला वळसा घालून जाता येत नाही. सॅम्युअल बेकेट यांचे 'क्रॅप्स लास्ट टेप' हे नाटक २८ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात पहिल्यांदा झाले. रंगभूमीवर एकच म्हातारा. त्याच्यापुढे मेज, रिळांचे यंत्र आणि फितींचे डबे. दर वाढदिवसाला आपल्या वर्षाचा हिशेब फितीवर बोलून ठेवण्याची त्याची सवय. आज तो एकोणसत्तर वर्षांचा झाला आहे, आणि आपण एकोणचाळीस वर्षांचे असताना टिपलेली फीत ऐकतो आहे. बेकेट यांनी नाटकाचा काळ भविष्यात ठेविला आहे, याचे कारण उघड आहे. १९५८ साली इतक्या वर्षांच्या घरगुती फिती कोणापाशी असणे शक्यच नव्हते.

तीस वर्षांपूर्वीचा तो ऐटबाज आवाज आपल्याला झालेल्या थोर साक्षात्काराचे वर्णन करू लागतो, तेव्हा म्हातारा चिडून फीत पुढे पळवितो. त्या साक्षात्कारासाठीच तर त्या तरुणाने ती फीत टिपलेली! आणि जाता जाता बोलून गेलेला एक प्रसंग, होडीतील एका स्त्रीचा, तो मात्र म्हातारा पुन्हा पुन्हा मागे फिरवून ऐकतो. टीकाकारांनी या नाटकात काळ, मृत्यू, निष्फळता असे पुष्कळ काही पाहिले आहे आणि ते आहेच. मला मात्र त्यात टेप वापरणाऱ्या प्रत्येकाला उमगलेले एक साधे सत्य दिसते: टिपतो तो एक आणि ऐकतो तो दुसरा. काय मोलाचे आहे हे टिपणाऱ्याला कळतेच असे नाही. मुलाच्या तोंडून पाठ केलेली कविता वदवून घ्यावी म्हणून आपण टेप लावतो. वीस वर्षांनी कविता कोणी ऐकत नाही, मधेच आतून आलेली, आता नसलेल्या माणसाची 'अरे, हळू बोल' ही हाक तेवढी ऐकतात.

शाळेत मुलांपुढे मी हे यंत्र लावतो तेव्हा पहिला अनुभव ठरलेला. स्वतःचा आवाज ऐकून मूल म्हणते, "गुरुजी, हा मी नव्हे." बाकीचा वर्ग एकमुखाने ओरडतो, "तूच!" यात शास्त्र आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. फितीवर हाडे नसतात. आपल्याला आपण जसे वाटतो तसे इतरांना वाटत नाही, हे नीतिपाठात सांगून पटत नाही. तांबडे बटण ते अर्ध्या मिनिटात पटविते.

आता लेखकाच्या धंद्यातील प्रश्न. बोलीतले संवाद लिहावयाचे म्हणून हे यंत्र घेऊन मी आठवड्याच्या बाजारात आणि एस.टी. स्टँडवर, समोरच्याला विचारून, पुष्कळ बसलो आहे. यंत्र पाहिले की माणूस पहिली पाच मिनिटे पुस्तकी बोलतो; मग विसरतो, आणि खरे बोलणे सुरू होते. घरी येऊन ते शब्दशः उतरवून काढले म्हणजे काय दिसते? अर्धी वाक्ये, तीन वेळा आलेले 'म्हंजे', मधेच सुटलेला धागा. ऐकताना जे लखलखीत होते ते कागदावर विझून जाते, कारण हातवारे, थांबणे आणि डोळे हे सारे मागेच राहिलेले असते. अलीकडच्या काही कादंबऱ्यांत पानेच्या पाने अशी उतरवून काढलेली बोली आढळते आणि तिला 'अस्सल' म्हणून शाबासकी मिळते. मला ती शाबासकी मान्य नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची, उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची. कॅसेटचे यंत्र जन्मण्यापूर्वीच्या या कादंबऱ्या. तरी त्यांतील धनगर आणि कौतिक आज बोलताना ऐकू येतात. कारण कान निवडतो आणि यंत्र निवडीत नाही. यंत्र साक्षीदार आहे. निकाल लेखकाने द्यावयाचा असतो. साक्षीदाराची जबानी म्हणजेच निकालपत्र असे मानणारा न्यायाधीश आणि टेप उतरवून काढणारा कादंबरीकार यांची योग्यता मी सारखीच समजतो.

मात्र जेथे गाणारी स्त्री स्वतःच कवयित्री आहे, तेथे हा न्याय उलटा होतो. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहात बायकांच्या ओव्या विषयवार लावून दिल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण कागदावरची ओवी म्हणजे वाळवलेले फूल. जात्यावर ती गाताना बाई ओळ घोळवते, मधे 'बाई' घालते, दुसरी तिला उचलून धरते, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास पडतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही गायिकांच्या आवाजात टिपून ठेविल्या. आज हे भांडार 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात गायिकेच्या आणि गावाच्या नावानिशी ऐकता येते. ही नावेच मला फार मोलाची वाटतात. शतकानुशतके ज्या काव्याखाली 'लोकगीत' एवढेच लिहिले गेले, त्याखाली बाईचे नाव आले. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले होते, गाण्याचे निमित्तच संपत आले होते; अशा वेळी एका फिरणाऱ्या चाकाचे गाणे दुसऱ्या फिरणाऱ्या चाकाने धरून ठेविले.

येथवर मी तांबड्या बटणाची बाजू मांडली. त्याला विरोध करणारी एक थोर बाजू आहे, तीही मांडतो. केसरबाई केरकर या ध्वनिमुद्रण आणि रेडिओ या दोहोंविषयी नाखूश असत. थोड्या तबकड्या त्यांनी दिल्या. पण आपले गाणे समोर बसलेल्या श्रोत्यासाठी आहे, ते कोणी पेटीत भरून न्यावे असे नाही, ही त्यांची भूमिका. नियतीचा विनोद पाहा: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचा आवाज म्हणून जी सोनेरी तबकडी पाठविली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. आंतरतारकीय अवकाशात पोचलेले मराठी मुलखातील हे पहिले गाणे, आणि ते टिपून घेण्याविषयी जी बाई साशंक होती तिचे!

केसरबाईंचे म्हणणे चूक होते काय? भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज कोणाहीपाशी नाही. १९२२ साली बुवा गेले आणि त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून आणि जुन्यांच्या आठवणींतून तेवढे उरले. ही हानी आठवली की मैफिलीत शालीखाली टेप झाकून नेणाऱ्या रसिकाला क्षमा करावीशी वाटते. तरी मी ती करीत नाही. गाणारा ज्या क्षणी 'नको' म्हणतो त्या क्षणी ते गाणे त्याचेच राहिले पाहिजे. कायद्यानेसुद्धा १९९४ सालच्या दुरुस्तीने कलावंताचा हा हक्क मान्य केला आहे. तांबडे बटण दोन बोटांनी दाबावे लागते, त्यातील दुसरे बोट समोरच्या माणसाचे आहे असे मी समजतो.

आज हे बटण प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर तासन्‌तास टिपले तरी फीत संपत नाही, बाजू बदलावी लागत नाही, पान मोडावे लागत नाही. कॅसेटपत्राची नात म्हणून व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोपही आला. सोनीने जपानात कॅसेटच्या वॉकमनची विक्री २०१० साली थांबविली. त्याबद्दल मला सुतक पाळावयाचे नाही. नवे यंत्र आवाज अधिक स्वच्छ टिपते, आणि गंजाच्या पुडीवरचे जुने आवाज वेळीच त्यात उतरवून घेतले पाहिजेत, नाही तर ते विरत जातील. माझी तक्रार एकच आहे. साठ मिनिटांची मर्यादा होती तेव्हा माणूस टिपण्यापूर्वी विचार करी, आणि टिपलेले पुन्हा ऐके. आता आपण सारे टिपतो आणि काहीच ऐकत नाही. ज्या आवाजाकडे पुन्हा कोणी परतत नाही तो टिपला काय आणि हवेत विरला काय, सारखेच. बेकेट यांचा म्हातारा दुःखी होता. पण निदान तो ऐकत तरी होता.

दिवाळीत घरे भरलेली असतात. फराळाच्या ताटाभोवती जी वडीलधारी माणसे बसतील, त्यांच्यापैकी एकाला विचारून, त्यांनी 'हो' म्हटल्यावर, फक्त तीस मिनिटे टिपावीत. कॅसेटची एक बाजू समजून. लहानपणची दिवाळी, जात्यावरची एखादी ओवी, नवरीने सासरी केलेला पहिला स्वयंपाक, काहीही चालेल. त्यावर बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालावी. आणि पुढच्या दिवाळीला, कानात काही न खुपसता, सर्वांनी एकत्र बसून ते ऐकावे. ऐकताना आपण सांगितलेली मुख्य गोष्ट बाजूला राहील आणि मागून आलेल्या एखाद्या हाकेशी सगळे थबकतील. ती हाक कोणाची असेल, हे टिपताना मात्र कळणार नाही.